शिकलगाराची काच

पापाच्या तिकटीपासून आत, बाबालाल शिकलगारचं दुकान:
एक दगडी चाक, ठिबकता डबा, ठिणग्या.
मी दहा वर्षांचा. चाक फिरवायचो.
सुरीमागं चार आणे त्याला, मूठभर शेंगा मला.

दुकान मिटलं की मागच्या खोलीत
तो दुसरंच काही घासायचा.
चोरबाजारातून आणलेली,
मोडीत निघालेल्या जहाजाच्या खिडकीची काच,
सहा इंच रुंद, अंगठ्याएवढी जाड.
पिंपावर एक काच, तिच्यावर दुसरी,
मधे कार्बोरंडम आणि पाणी.
सहा वेळा मागंपुढं, मग एक पाऊल बाजूला,
पुन्हा सहा वेळा.
असा पिंपाभोवती दोन पावसाळे चालला तो.

"कुठवर घासायचं, चाचा?"
त्यानं गल्ल्यातलं चार आण्याचं नाणं
चिमटीत आडवं धरलं, कडेनं दाखवलं.
"मधोमध एवढी खोल झाली की बास."

जन्मभर लोखंडाला धार लावलेला माणूस
काचेची धार मारत बसला होता.
शेवटी राळ आणि लाल पावडर.
कोपरापर्यंत लाल हात,
आत्ताच तालमीतून आल्यासारखे.
गुजरीतल्या सोनारानं चांदी चढवून दिली,
उद्यमनगरच्या हिंदुराव मिस्त्रीनं पत्रा वळवून नळी.
पैसे दोघांनीही घेतले नाहीत,
आधी बघायला मिळालं पाहिजे म्हणाले.

मग एकोणऐंशी साल. स्कायलॅब.
अमेरिकेची प्रयोगशाळा आभाळातनं सुटलीय,
कुठं पडणार ते अमेरिकेलाही ठाऊक नाही.
शाळेनं सुट्टी दिली नाही, आम्ही घेतली.
आणि गावानं ठरवलं,
मरायचंच तर डाळीवर कशाला?
पहाटेपासून दुकानापुढं रांग:
सुरे, सत्तूर, कोयते,
कुणाचा तर आजोबाच्या लग्नातला जंबिया.
माझ्या तळहाताला फोड आले.
"आभाळ रोज पडू दे," बाबालाल म्हणाला
आणि पटकन जीभ चावली.

दुपारी हवालदार मोकाशी.
कुणीतरी कळवलेलं, शिकलगाराच्या गच्चीवर तोफ हाय.
"ह्यानं पाडणार काय रं ती?"
बाबालालनं झाकण काढलं.
मोकाशीनं नळीत डोकं घातलं,
तळाशी ताटाएवढा डोळा दिसला, स्वतःचाच,
आणि तो दोन पावलं मागं आला.
"सायेब, ह्यातनं वरचं खाली येतंय.
खालचं वर काय जात न्हाई."

त्या रात्री ढग.
गुरुपौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले,
पण चंद्राचा पत्ता नाही.
रंकाळ्यापर्यंत रश्श्याचा वास.
नळीवर गोणपाट टाकून आम्ही दोघं भिजत बसलो.
सकाळी रेडिओनं सांगितलं, ऑस्ट्रेलियात पडली.
निम्मी गल्ली पोट धरून दवाखान्यात.

काच मला पावली ती दसऱ्यानंतर.
अर्धा चंद्र. उजेड आणि अंधाराची शीव
सरळ नव्हतीच; दाते पडलेल्या विळीसारखी
खड्डे, सुळके, मधेच एक एकटा ठिपका पेटलेला.
"बघितलास?" बाबालाल कानाशी म्हणाला,
"धार लावायची राहिलीय."

चव्वेचाळीस वर्षांनी, ऑगस्टात,
लेथ बंद करून आम्ही सगळे एका मोबाइलवर वाकलेलो.
पडद्यावर वेगाचा आकडा उतरत होता.
यानाखाली तीच खड्ड्यांची जमीन.
कुणी श्वास घेईना.
माझा हात बाकावर आपोआप चालू झाला,
सहा वेळा मागंपुढं,
एक पाऊल बाजूला मात्र गर्दीत टाकता येईना.
उतरलं तेव्हा पोरांनी पत्र्याचे डबे बडवले.
मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

बाबालाल जाऊन एकवीस वर्षं झाली.
काच माझ्याकडं आहे, मलमलीत.
चांदी उडाली, आरसा राहिला नाही.
नुसती धरली तर पलीकडचं दिसतं:
माझाच तळहात,
लांब नेला की
लहान लहान होत जाणारा.